भैरवी खाली ढकलणारी माणसं

माझं बिबवेवाडीत चष्म्याचं दुकान आहे आणि ते दुपारी एक ते चार बंद असतं. यावर बाहेरगावच्या लोकांनी पुष्कळ विनोद केले आहेत. त्यांनी ते जरूर करावेत, फक्त चार वाजल्यानंतर येऊन करावेत.

पूर्वी या वेळात मी घरी जाऊन, जेवून झोपायचो. मग असं झालं की डबा दुकानातच आणायला लागलो, शटर अर्धं ओढून नंबर तपासायच्या खुर्चीत बसायला लागलो आणि कानात इअरफोन घालून गाणं ऐकायला लागलो. एकट्याने नव्हे. तेच गाणं त्याच क्षणी आणखी बरीच माणसं ऐकत असायची. त्यांतल्या दोघींनाच मी ओळखत होतो. एक माझी थोरली बहीण आणि दुसरी तिची मुलगी, म्हणजे माझी भाची. बाकीच्यांचं तोंडही मी आजवर पाहिलेलं नाही. पण त्यांनी जे केलं ते आठवलं की माझ्यासारख्या कुजकट माणसाचीही बोलती बंद होते. म्हणून हे लिहितोय.

ताईला धायरीत दिलं तेव्हा धायरी गाव होतं. तिच्या सासरी शेती होती, गोठा होता. पुढे एकेक तुकडा करत शेतांच्या इमारती झाल्या आणि उरलेल्या तुकड्यावर तिच्या सासऱ्यांनी मंगल कार्यालय बांधलं. दाजी अकाली गेले. तेव्हापासून कार्यालय ताईनेच चालवलं. दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि जेवणाच्या पंगतीपासून बँडपर्यंत सगळ्यांना धाकात ठेवायची. रात्रीची वेळ संपली की डीजेवाल्याला सांगत वगैरे नसे, स्वतः जाऊन वायर उपटायची. नवरदेवाचे मामे अंगावर धावून आले तर म्हणायची, "वरात संपली. आता संसाराला लागा."

अशा बाईच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन दुपारी डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात दोन सुया, एकीतून रक्त बाहेर जायचं, मशीनमध्ये धुतलं जायचं आणि दुसरीतून परत यायचं. चार तास हात हलवायचा नाही. पाणी मोजून प्यायचं. घरी येईपर्यंत ती पिळून दोरीवर टाकलेल्या फडक्यासारखी व्हायची. सुयांची तिने कधी तक्रार केली नाही. तिची तक्रार छताची होती.

"चार तास ते पांढरं छत," ती मला म्हणाली, "माणसाने बघावं तरी काय त्याच्यात? एक पालसुद्धा नाही रे."

पुढे तिने छताचीही तक्रार सोडून दिली आणि मला खरी भीती वाटायला लागली. एका रविवारी मी धायरीला गेलो होतो, तेव्हा भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "आता बास करावं म्हणते. पोरगी कमावती झालीय. कार्यालय भाड्याने दिलंय. माझं काही अडलेलं नाही." मी रागावलो, ओरडलो. ती शांतपणे देठं बाजूला काढत राहिली. डायलिसिस बंद करणं म्हणजे काय, हे तिला नीट माहीत होतं. डॉक्टरांना तिने ते आधीच विचारून घेतलं होतं.

भाची आयटीत आहे. डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन ती नोकरी करायची. आईला कुठल्या तरी गोष्टीत गुंतवायला हवं, एवढंच तिला कळत होतं. तिने एक दिवस आमच्या दोघांच्या फोनवर काहीतरी घातलं आणि म्हणाली, "मामा, ही एक खोली आहे असं समज. कुणीही गाणं रांगेत टाकायचं. आवडलं तर वरचा बाण दाबायचा, नको असेल तर खालचा. ज्याला मतं जास्त, ते आधी वाजणार. आणि सगळ्यांना एकदमच ऐकू येणार."

"गाणं कुठलं लागावं हे मतदानाने ठरवायचं?" मी म्हणालो. "आमच्या सोसायटीत जिन्याच्या रंगावर मतदान झालं. तेव्हापासून जिना दोन रंगांचा आहे आणि दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत."

"तू फक्त दुपारी ऐक ना रे. आईला बरं वाटेल." दुसऱ्या दिवशी मी इअरफोन विकत आणले.

आमच्या घरात गाणं वडिलांमुळे आलं. ते कारकून होते. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांच्या घरात, महिन्या-दोन महिन्यांनी, ज्यांचं फार मोठं नाव कधी झालं नाही अशा एखाद्या गवयाला बोलवायचे. खाटा बाहेर, सतरंज्या आत, जायफळ घातलेला चहा आणि ऐकायला वीसेक माणसं दाटीवाटीने. वडील तसे मवाळ, पण बैठकीचे दोन नियम त्यांनी कुणालाही मोडू दिले नाहीत. एक, गाणं चालू असताना उठायचं नाही. बसलात तर भैरवीपर्यंत बसा. दुसरा, भैरवी झाली की संपलं. गवयाने शेवटी भैरवी गायची आणि त्यानंतर कुणी सूर लावायचा नाही, फर्माईश करायची नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. ती कानात घेऊन मुकाट घरी जायचं. हा नियम काही त्यांनी काढलेला नव्हता, सगळ्या गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांचा तो जुना रिवाज आहे. पण आमच्या घरात तो कायद्यासारखा पाळला जायचा.

आम्हा मुलांना भैरवीची धास्ती वाटायची. भैरवी म्हणजे माणसं जाणार, सतरंज्या गुंडाळल्या जाणार आणि उद्या शाळा. ताईला तर ती सहनच व्हायची नाही. गवयाने षड्ज बदलून भैरवीचे सूर लावले की ती माझा दंड घट्ट धरायची आणि "आत्ता नको, आत्ता नको" असं पुटपुटायची. एकदा तिने एका बुवांच्या चपला माळ्यावर लपवल्या. भैरवी झाली, बुवा उठले आणि चपला मिळेनात. शोधाशोध सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "तोवर बुवा, एखादी ठुमरी होऊन जाऊ द्या." बुवांनी कानाला हात लावला. भैरवी होऊन गेली होती. मग ते भरल्या घरात गुडघ्यांवर हात ठेवून नुसते बसून राहिले, चपला सापडेपर्यंत एक अक्षर गायले नाहीत. त्यांच्याबरोबर वीस माणसंही गप्प बसून होती. ताईला मार बसला. पण रात्री ती मला म्हणाली, "बसले की नाही पण?"

त्या बैठकीची कॅसेट वडिलांनी केली होती. भाचीने ती उतरवून फोनमध्ये घेतली होती. भैरवी संपल्यावर त्यात वडिलांचा खोकला ऐकू येतो आणि कपबशीचा आवाज.

तर ती खोली. पहिल्या दुपारी मी दुकानात बसलो होतो आणि ताई मशीनवर होती. भाचीने एका बाईंचा भीमपलासी लावला. मला वाटलं, माझ्या फोनवर माझं वाजतंय, तिच्या फोनवर तिचं. त्यात एकत्र ते काय? मी ताईला दुसऱ्या फोनवरून फोन केला. दोघंही नुसते गाणं ऐकत होतो. बाईंनी एक तान घेतली, वरपर्यंत नेली, आता ही कुठे उतरणार असं वाटत असतानाच अलगद समेवर आणून ठेवली. मी "हं" म्हणालो. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, फोनमधून ताईचं "हं" आलं.

माझ्या अंगावर काटा आला. लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत जाण्यात माझा जन्म गेला. एक भिंग असं बसतं की समोरची पुसट ओळ एकदम लखलखीत होते आणि गिऱ्हाईक न विचारता "हं, आता" म्हणतं. तसं माझं झालं. मधे अख्खं शहर, इतकी वाहतूक, इतके पूल, आणि आम्ही दोघं पुन्हा एका सतरंजीवर बसलो होतो. दंड तेवढा धरायचा राहिला होता.

भाचीने त्या खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं. मुद्दाम की विसरून, हे तिने मला कधी सांगितलं नाही. हळूहळू माणसं आत यायला लागली. नावं कुणाचीच कळत नव्हती, नुसती छोटी चित्रं दिसायची. एक जास्वंदीचं फूल होतं, एक जुनी स्कूटर, एक पिवळं मांजर. एकाने चित्रच लावलं नव्हतं, त्याचा नुसता राखाडी गोल. ताईचं चित्र म्हणजे तिच्या कार्यालयाचं तोरण लावलेलं दार. आत येणाऱ्यांतले काही जण कर्कश काहीतरी रांगेत टाकून पळून जायचे, काही टिकायचे. टिकलेले हळूहळू वळणावर येत होते, कारण ताई खालचा बाण दाबताना कुणाची भीडभाड ठेवायची नाही. डीजेची वायर उपटणारा हात तो, एक मोकळा होता तेवढा पुरे.

एका दुपारी राखाडी गोलाने तोडी लावला. तोडी हा सकाळचा राग. भर दुपारी तोडी म्हणजे ताईच्या मते संध्याकाळी सात वाजता पोहे. तिने एका बोटाने टाइप केलं, "ही काय तोडीची वेळ आहे का?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "मावशी, इथे सकाळचे साडेनऊ झालेत. खिडकीत आत्ताच ऊन आलंय."

युरोपातल्या कुठल्याशा गावात होता तो. ताईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अरे, त्याच्याकडे सकाळ हाय," ती म्हणाली. धायरीच्या इतक्या वर्षांनी तिच्या तोंडात हे 'हाय' बसलं होतं, आनंद झाला की ते हमखास यायचं. "आपल्याकडे दुपार आणि त्याच्याकडे खरोखरची सकाळ, आणि गाणं एकच. वडील असते तर काय म्हणाले असते रे?"

काय म्हणाले असते, मला कळेना. गाण्याची वेळ पाळायची, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. पण एकाच क्षणी वेगवेगळ्या वेळा असतात आणि तरी बैठक एकच असू शकते, हे त्यांच्या बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. मी अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचं रखरखीत ऊन पाहत होतो आणि कानात कोवळ्या उन्हातला तोडी. इतकं मोठं जग आणि इतकं जवळ, या विचाराने मला थोडा वेळ श्वासच घेववेना. ताईने तोडीला वरचा बाण दिला. त्यानंतर एक तोडी ती रोज राखाडी गोलासाठी स्वतः रांगेत टाकायला लागली.

काही महिने बरे गेले. मग तिचे दिवस फिरले. मशीनवर असताना रक्तदाब खाली जायचा, पायांत गोळे यायचे, ती ओठ चावून पडून राहायची. फोन करणं तिने कमी केलं. आणि एका दुपारी, मशीन लागून तासभर झाला असेल नसेल, रांगेत एक नवी ओळ दिसली. तोरणाच्या दाराने टाकलेली. वडिलांच्या कॅसेटमधली भैरवी.

लगेच तिचा फोन आला. "ऐक. मी भैरवी टाकलीय. ती झाली की सुया काढायला सांगणार आणि घरी जाणार. परवापासून यायचं नाही. पोरीला मी सांगितलेलं नाही, तू सांग."

"ताई, वेडेपणा करू नकोस."

"वेडेपणा नाही. मैफल संपवायची तर रीतीने संपवावी." आणि तिने फोन ठेवला.

दुकानातून सेंटरला पोचायला भर दुपारी किती वेळ लागला असता हे मला ठाऊक होतं, आणि भैरवी रांगेत तिसरी होती. तिला एक मत होतं, ताईचं स्वतःचं. मी खालचा बाण दाबला. शून्य झालं. भाचीला फोन लावला तर तिचा फोन मीटिंगमध्ये. मग मी खोलीत लिहायला बसलो. मला टाइप करायची सवय नाही, चुका होत होत्या, पुसत होतो, पुन्हा लिहीत होतो. शेवटी एवढंच गेलं: "कृपया भैरवी खाली ढकला. माझी बहीण डायलिसिसच्या मशीनवर आहे. भैरवी झाली की ती उठून जाणार आहे, कायमची."

मी पाठवलं आणि पाहत बसलो. अनोळखी माणसांकडे मी असं काही कधी मागितलं नव्हतं. ओळखीच्यांकडेही नव्हतं.

क्षणभर काही झालं नाही. मग शून्याचं उणे एक झालं. उणे दोन. मग आकडा असा पळायला लागला की मला वाचता येईना. जास्वंद, स्कूटर, मांजर होतेच, पण कधीही एक शब्द न बोललेली, नुसती येऊन ऐकत बसलेली कितीतरी चित्रं एकामागून एक दिसायला लागली. त्यांतले किती जण त्या क्षणी ऑफिसात होते, किती स्वयंपाकघरात, किती जण रिक्षा बाजूला घेऊन थांबले होते, देव जाणे. भैरवी तिसरीवरून घसरली, खाली गेली, आणखी खाली गेली. आणि तिच्या वर गाणी पडायला लागली. मुलतानी, सारंग, अभंग, कुणाचं तरी सतारीचं, कुणाचं बासरीचं. लोक रांग वाढवत होते. तळातल्या गाण्याची पाळीच येऊ नये म्हणून भराभर माती टाकून बांध घालावा, तशी गाणी टाकत होते. मी त्या काचेच्या तुकड्याकडे पाहत राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. देवळात मी हात जोडतो ते सवयीने. त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या माझे हात आपोआप जोडले गेले.

ताईचा पुन्हा फोन आला. संतापली होती. "हा काय चावटपणा आहे? कोण आहेत हे लोक?"

"मला काय माहीत. तुझे श्रोते."

"मला भैरवी ऐकायची आहे."

"मग लाव की तुझ्या फोनवर. एकटी ऐक. कुणी अडवलंय?"

"एकटीने घ्यायला भैरवी म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे?" ती खेकसली. आणि मग गप्प झाली.

त्या गप्प होण्यात काय होतं ते मला कळलं, कारण मी त्याच घरात वाढलो होतो. तिला उठता येत नव्हतं. भैरवी झाल्याशिवाय बैठकीतून उठायचं नाही. सुया काढायला सांगणं तिच्या हातात होतं, तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण डॉक्टरांना, मला, पोटच्या पोरीला न जुमानणारी ती बाई वडिलांचा नियम मोडू शकत नव्हती. बुवांच्या चपला लपवल्या होत्या तिने. आता साऱ्या जगाने मिळून तिच्या लपवल्या होत्या.

चार तास पुरे झाले. मशीन थांबलं, सुया निघाल्या, पट्टी बांधली गेली. खाली उतरताना तिने मला फोन केला. आवाज दमलेला होता. "कुठली कोण माणसं," ती म्हणाली, "ना नात्याची ना गोत्याची. आणि मला बसवून ठेवतात." मग रिक्षात बसता बसता तिने विचारलं, "परवा काय लावायचं रे आपण?"

भैरवी तिने रांगेतून काढली नाही. "असू दे तिथेच," म्हणाली, "तिची जागा तळालाच असते." त्या खोलीची रीत अशी की दिवस बदलला की मतं पुसली जात आणि पाटी कोरी होई, न वाजलेली गाणी मात्र तशीच राहत. म्हणजे भैरवी रोज नव्याने वर यायला मोकळी. आणि रोज दुपारी, कुणी काही न सांगता, ती खाली ढकलली जायची. कामावर आल्यावर हजेरी लावावी तसे लोक येऊन आधी भैरवीला खालचा बाण द्यायचे, मग बाकीचं. नव्याने आलेल्याला जुने सांगायचे, "ती भैरवी मावशींची आहे. वर नाही जाऊ द्यायची." एकाने विचारलं, का. स्कूटरने उत्तर दिलं, "प्रश्न नंतर विचारा, आधी बाण दाबा." हा माणूस पुण्याचाच असणार.

ताई वाईट दिवशी मुद्दाम वरचा बाण दाबायची. ते लोकांना कळायचं. तोरणाचं दार वर ढकलतंय म्हणजे मावशींना आज त्रास होतोय. मग त्या दिवशी जरा जास्त माणसं जमायची, जास्त चांगली गाणी यायची. ती मला म्हणायची, "बघ कसे लागलेत माझ्या मागे." मला मात्र हे कधी सवयीचं झालं नाही. रोज एक वाजता आकडा खाली जाताना पाहिला की प्रत्येक वेळी छातीत काहीतरी लख्ख हलायचं. माणसं वाईट असतात, आपमतलबी असतात, हे मी दुकानात बसून उभा जन्म सांगत आलो. ती तशी असतातच. आणि तीच माणसं आपल्या जेवणाच्या सुट्टीत, जिला कधी पाहिलं नाही अशा बाईला जगात आणखी थोडा वेळ बसवून ठेवण्यासाठी बाण दाबतात. दोन्ही खरं आहे. याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

असं पुढे दीड-दोन वर्षं चाललं. डॉक्टरांनी तेवढीही आशा दाखवली नव्हती.

ताई गेली ती मशीनवर नव्हे. घरी, सकाळी, मेथी निवडता निवडता. भाची सांगते की ती काहीतरी गुणगुणत होती आणि गुणगुणणं थांबलं. काय गुणगुणत होती, ते तिला ओळखता आलं नाही. भैरवी नव्हती, एवढं नक्की म्हणाली. भैरवी ती ओळखते.

दहावं-तेरावं झालं. मी दुकान उघडलं. लोक येऊन नंबर तपासून गेले. एक वाजला, मी शटर अर्धं ओढलं, खुर्चीत बसलो आणि डबा न उघडता नुसता बसून राहिलो. भाचीचा फोन आला.

"मामा, आईची भैरवी लावू या का? तिची ती राहूनच गेली."

बरोबर होतं तिचं. मैफल रीतीने संपवायला हवी होती. आम्ही दोघं त्या दुपारी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा खोलीत गेलो. तोरणाच्या दाराखाली भैरवी होती. पाटी कोरी होती, अजून कुणी हात लावला नव्हता. मी वरचा बाण दाबला. भाचीने ताईच्या फोनवरून दाबला. भैरवी तळातून उठली आणि वर येत येत पहिली झाली. चालू गाणं संपत आलं होतं. मी चष्मा काढून हातात घेतला आणि ताठ बसलो.

आकडा हलला. दोनाचा एक झाला.

जास्वंद. मग स्कूटर. मग मांजर. मग बाकीचे, भराभर, एकामागून एक. शून्य, उणे, आणखी उणे. भैरवी माझ्या डोळ्यांसमोर खाली जायला लागली आणि तिच्या वर गाणी पडायला लागली.

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला सुचलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी दुपार झाली होती, मावशी मशीनवर होत्या आणि भैरवी वर येतेय म्हणजे आज त्यांना फार त्रास होत होता. राखाडी गोलाने लिहिलं, "आज नाही हं मावशी. अजून थोडा वेळ." आणि त्याने तोडी लावला. भाचीने फोनवर मागे जाऊन खोलीतली जुनी नोंद पाहिली. मधल्या दिवसांतही, आम्ही कुणीच खोलीत नसताना, भैरवी एकदाही वाजली नव्हती. कुणी ना कुणी ती रोज खाली ढकलून ठेवली होती.

मी लिहायला घेतलं, "ताई गेली." दोन शब्द लिहून झाले होते. पाठवायचं बटण बोटाखाली होतं. तोडी सुरू झाला, त्याच्या खिडकीतलं ऊन माझ्या कानात आलं, आणि माझ्या लक्षात आलं की या एका खोलीत, या एवढ्या माणसांच्यात, माझी बहीण अजून बसलेली आहे. मी ते दोन शब्द पुसले. माझं मत फिरवलं आणि भैरवीला खालचा बाण दिला. क्षणभराने आकडा आणखी एकदा खाली गेला. ती भाची होती. फोन चालूच होता आमचा. गाणाऱ्याने तान समेवर आणली आणि आम्ही दोघं एकदम "हं" म्हणालो.

चार वाजले. बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं, "अहो, चार वाजून गेले" म्हणत होतं. माझ्या दुकानाच्या आयुष्यात असं कधी झालेलं नाही. पण भैरवी झालेली नव्हती. मी उठलो नाही.